मोकळं डोकं

"अब्बा, हा तंबोरा बिघडलाय."

"कुठला?"

"हुद्दारबाईंचा. जोडीतला मोठा."

अब्बा दुकानाच्या दाराजवळ गादीवर बसून खुंट्या पुसत होते. कपाळाला नेहमीचा हिरवा रुमाल आवळून बांधलेला. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "काय झालंय त्याला?"

"तेच तर कळेना. तारा नव्या घातल्या, दोनदा जुळवला, तारेखालचा दोरा बदलला. आवाज येतोय, पण कोरडा. पातळ. जीवच नाही बघा त्यात."

"आण इकडे."

मी तंबोरा त्यांच्या मांडीशी उभा धरला. अब्बांनी दांडीला कपाळ टेकवलं, डोळे मिटले आणि नाकातून 'सा' धरला. मी तारा छेडत राहिलो. बराच वेळ ते तसेच होते. मग डोकं उचलून म्हणाले, "झकास आहे की. कुठं बिघडलाय?"

"नीट ऐकलंत का?"

"नियाज, हा तंबोरा मी बनवलाय. तुझ्या जन्माच्या आधी. मला ऐकायला शिकवतोस?"

पण मनात किडा वळवळायला लागला तो लागलाच.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पस्तिशीतला, अब्बा बहात्तरचे. मिरजेत आमचं तंतुवाद्यांचं दुकान, आजोबांपासूनचं. घरात आम्ही बोलतो मिरजेची दखनी, पण सांगताना मराठीतच सांगतो, म्हणजे तुम्हालाही कळेल. तंबोरा बनवणारे आमच्या गल्लीत पुष्कळ होते. आमचं नाव होतं ते जवारीसाठी. तारा ज्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा माथा कानशीने केसभर उतरवला की तार नुसती वाजत नाही, गुंजते. त्या उतरवण्याला जवारी म्हणतात. केसभर जास्त गेली तर गेली, परत चिकटवता येत नाही.

बाकीचे कारागीर जवारी कानाने ऐकतात. आमच्या घरची रीत वेगळी. कपाळ दांडीला टेकवायचं, तोंड मिटायचं, नाकातून 'सा' गुणगुणायचा आणि एका हाताने तार छेडायची. तार आणि आपलं डोकं एकसारखं घुमायला लागलं की जवारी बसली. गल्लीतले लोक चेष्टेने आम्हाला 'डोकेफोडे' म्हणायचे, पण त्यांची अवघड कामं आमच्याकडेच यायची. अब्बांचा हात कापायला लागल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, हे काम मीच करत होतो.

त्या आठ वर्षांत माझं नाक कधी मोकळं नव्हतं. लाकडाचा भुसा, भोपळ्याची धूळ, लाखेचा वास. सकाळी उठलं की कपाळ जड, गाल दुखतायत, वाकलं की डोळ्यांसमोर अंधारी. वाफारे घेतले, थेंब घातले, ओव्याची पुरचुंडी हुंगून हुंगून नाक सोललं. शेवटी नसीम, माझी बायको, मला धरून डॉक्टर सबनिसांकडे घेऊन गेली. "यांचं घोरणं ऐकून शेजारच्यांना वाटतं आम्ही पिठाची गिरणी घातली," असं तिने डॉक्टरांना सांगितलं. मी तिथेच बसलो होतो.

सबनिसांनी फोटो काढला, दुर्बीण घालून पाहिलं. "कपाळातल्या आणि गालातल्या पोकळ्यांची तोंडं बंद झाली आहेत," ते म्हणाले. "बारीक तार आत सोडायची, तिच्यावर इवलासा फुगा असतो. तो तोंडाशी नेऊन फुगवायचा, तोंड रुंद करायचं आणि फुगा काढून घ्यायचा. चिरफाड नाही. दुसऱ्या दिवशी घरी."

"फुगा? नाकात?" अब्बांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांनाच ठसका लागला. "जत्रेतून आणायचा का?"

पण झालं मात्र तसंच. दोन आठवडे मिठाच्या पाण्याने नाक धूत बसलो, आणि मग एका सकाळी जागा झालो तर डोकं हलकं. खरंच हलकं! नसीम भाजीला लसूण घालत होती, त्याचा वास मला माडीवर आला. मी लहान पोरासारखा ओरडत खाली गेलो. अब्बा जिन्याशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. त्यांचं नाक माझ्यापेक्षा जुनं बंद होतं, चाळीस वर्षांचं. तो हिरवा रुमाल काही हौसेने बांधत नव्हते ते. दुखणं चढलं की भिंतीला डोकं टेकून बसायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "विचार तुझ्या त्या फुगेवाल्याला. म्हाताऱ्याचं करतो का?"

सबनिसांनी त्यांना तपासलं, हो म्हणाले, आणि सोमवारी अकराची वेळ दिली.

मी तंबोरा बिघडला म्हणालो तो गुरुवार त्या सोमवारच्या आदल्या आठवड्यातला. पाच आठवडे धुळीपासून लांब राहून मी दुकानात पहिल्यांदा बसलो होतो, आणि पहिलंच काम हाती आलं ते हुद्दारबाईंच्या जोडीचं. बाई सांगलीच्या, सत्तरीच्या घरात. गळा थकत चालला होता, म्हणून रविवारी संध्याकाळी त्या शेवटचं जाहीर गाणार होत्या. जोडी पाठवताना चिठ्ठी होती : तारा बदलणे, खुंट्या बघणे. जवारीला हात लावू नये.

अब्बा झकास म्हणाले तरी माझं समाधान होईना. भिंतीवर पाच तंबोरे टांगलेले होते, सगळे माझ्या हातचे. एकेक उतरवला, कपाळ टेकवलं. पहिला कोरडा. दुसरा कोरडा. पाचही तसेच! पाच आठवड्यांत पाच तंबोरे आपोआप बिघडतात कसे? बरं, दमट हवा म्हणावी तर ऊन रणरणत होतं.

नसीम जेवणाचा डबा घेऊन आली. मी तिला म्हटलं, "जरा ऐक. हा चांगला वाजतोय का?"

"मला काय विचारता? मला तंबोरा आणि मिक्सर यातला फरक कळतो, तेवढा पुरे."

"अगं, आवाज मेल्यासारखा नाही वाटत?"

"तुमचा वाटतोय. जेवा आधी."

जेवण काही गेलं नाही. आठ वर्षं मी बंद डोक्याने जवारी काढत होतो. आता डोकं उघडलं. म्हणजे आत्ता ऐकू येतंय ते खरं, आणि आठ वर्षं ऐकलं ते खोटं? पुण्याला, धारवाडला, इंदूरला गेलेले माझे तंबोरे सगळे चुकीचे? मग कुणी तक्रार कशी केली नाही? आणि बाईंच्या तंबोऱ्याची जवारी तर अब्बांची, माझी नव्हेच. म्हणजे अब्बाही चुकलेले? का अब्बांचे कान गेले आता? डोकं नुसतं गरगरायला लागलं. दुखत होतं तेव्हा बरं होतं, निदान कशामुळे ते माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी दाखवायला जायचंच होतं. सबनिसांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि खूश झाले. "फर्स्टक्लास. सगळी दारं उघडी."

"डॉक्टर, मला आवाज वेगळे ऐकू येतायत."

"येणारच. मी सांगितलं नव्हतं? स्वतःचा आवाजसुद्धा वेगळा वाटेल. सवय होईल."

"पण खरा कुठला? आधीचा की आत्ताचा?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे बघा, गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण नाक उघडं असणं बरोबर, बंद असणं चूक. एवढं नक्की."

झालं! मला तेवढंच हवं होतं. मी तरातरा दुकानात आलो. जुम्म्याची वेळ होती, अब्बा मशिदीत गेलेले. मीही जायला हवं होतं. नाही गेलो. बाईंचा मोठा तंबोरा पुढ्यात घेतला. मनात म्हटलं, पस्तीस-छत्तीस वर्षांची जवारी, झिजली असेल. बाईही थकल्या, अब्बाही थकले, कुणाच्या लक्षात आलं नसेल. शेवटच्या गाण्याला बाईंना असा आवाज देऊ की त्या चकित होतील. चिठ्ठीतली ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, नाही असं नाही.

तारा बाजूला सारून मी घोडीवर कानस ठेवली. थोडं उतरवलं, तार परत आणली, कपाळ टेकवलं. पुन्हा थोडं. चौथ्या खेपेला तो आवाज आला. काय सांगू तुम्हाला! कपाळापासून मणक्यापर्यंत सगळं अंग गुंजलं. इतका स्वच्छ, इतका उघडा 'सा' मी जन्मात ऐकला नव्हता. माझे डोळे भरून आले. दुसराही तंबोरा करणार होतो, पण गल्लीत नमाजाहून परतणाऱ्यांचे आवाज आले आणि मी कानस आवरली. अब्बांना काही बोललो नाही. उद्या बाईंच्या तोंडून ऐकू देत, म्हटलं.

शनिवारी अकराच्या सुमारास बाई आल्या. सोबत त्यांची शिष्या मृणाल. बाईंनी अब्बांची विचारपूस केली, माझ्या नाकाची केली, आणि दोन्ही तंबोरे मांडायला लावून मध्ये बसल्या. मृणालने लहान तंबोरा धरला, बाईंनी मोठा. चार तारा गेल्या. पुन्हा चार. बाईंचा हात थांबला.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या.

"तुमचाच आहे, बाई. भोपळ्यावर खूण बघा," मी म्हणालो.

"खूण कशाला दाखवतोस? तो बघ, आणि हा बघ. दोन्ही एका गावचे राहिले नाहीत." त्यांनी 'सा' लावून पाहिला. आवाज मध्येच सोडून दिला. "मला टेकायला जागाच नाही ह्यात. पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजतंय." मग त्यांनी बोट घोडीवरून फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोटाला बारीक भुकटी लागली होती. "जवारी काढलीस?"

मी मान डोलावली.

"लिहून दिलं होतं मी. मराठी वाचता येतं ना तुला?"

"बाई, मला वाटलं..."

"तुला वाटलं! उद्या संध्याकाळी माझं गाणं आहे, नियाज. शेवटचं. ह्या आवाजात बसून मी पस्तीस वर्षं गायले. त्याच्याशिवाय माझा गळा आता उभा राहत नाही, कळतं का तुला?" त्यांचा स्वर चिरकला. मृणालने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

अब्बा उठून आले, तंबोऱ्याला कपाळ टेकवलं, आणि लगेच काढलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बाई, उद्या सकाळी दहाला या," ते म्हणाले.

"दस्तगीर, होईल?"

"या तर खरं."

"नाही झालं तर मशीन लावून गाईन," बाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या. तंबोऱ्याचा आवाज काढणारं ते डबडं आमच्या दुकानात शिवीसारखं होतं.

त्या गेल्यावर मला वाटलं आता अब्बा फोडून काढणार. ते घोडी निरखत होते. "एकदा," ते म्हणाले. "फार तर आणखी एकदा सगळा माथा खाली घेऊन जवारी काढता येईल. त्याच्या खाली घोडीच राहणार नाही. नवी बसवली तर महिनाभर बोलणार नाही."

"अब्बा, मला चांगला वाटला हो तो. खरंच. अल्लाची शपथ."

"कधीपासून असं ऐकू येतंय?"

"दुकानात बसल्यापासून."

"आणि डोकं?"

"डोकं एकदम मोकळं."

अब्बा खाली बसले. रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "माझा बाप नाकात बोलायचा," ते म्हणाले. "तुला आठवत नसेल. 'म', 'न' म्हणताच यायचे नाहीत त्याला. मीही तसाच. तूही तसाच होतास." मग म्हणाले, "आपल्या घरात मोकळ्या डोक्याचा तूच पहिला, नियाज."

मला आधी काही उमगेना. मग उमगलं. आमच्या घरची जवारी, जिच्यासाठी लोक इंदूरहून येत होते, ती चोंदलेल्या डोक्यांनी चोंदलेल्या डोक्यांत ऐकून बसवलेली जवारी होती.

"मग बरोबर कुठला आवाज, अब्बा? आपला की हा?"

"मला काय माहीत? बाईंना आपला हवाय." ते उठले. "आणि तो तुला आता ऐकू येत नाही. मला येतो. माझा हात चालत नाही, तुझा चालतो. पहाटे फजरनंतर बसू."

रविवारी नमाज आटोपून आम्ही दुकान आतून लावून घेतलं. अब्बांनी दांडीला कपाळ टेकवलं, मी भोपळ्याशी कानस घेऊन बसलो. ठरलं असं की त्यांनी माझ्या खांद्यावर एकदा थोपटलं की उतरवायचं, दोनदा थोपटलं की थांबायचं. पण त्यांचा हातच कापायचा. एकदा थोपटलं की दोनदा, की नुसताच कापला? एवढ्याशा जाडीवर अंदाजाने कानस कशी चालवायची?

"अब्बा, हात काढा. नुसते गुणगुणा. जमत आलं की जोरात गुणगुणा."

तसं केलं. त्यांचा 'सा' बारीक असला की मी पुसटशी कानस फिरवायचो, तार परत आणायचो, छेडायचो. मला प्रत्येक वेळी वाटायचं की आता आवाज बिघडला, आणखी बिघडला. माझ्या कानाला तो दर खेपेला मरत होता, आणि अब्बांचा 'सा' भरत चालला होता. मी माझं ऐकणं सोडून दिलं. त्यांचंच ऐकत राहिलो.

अशाने कपाळावर किती ताण येतो ते मला ठाऊक होतं. बंद डोक्याने मी अर्धा तास बसलो तरी उलटी यायची. अब्बा पावणेदोन तास बसले. मध्ये मी वर पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ओठ पांढरे पडले होते.

"थांबू या का?"

त्यांनी मान हलवली नाही, गुणगुणणं थांबवलं नाही. मीही कानस खाली ठेवली नाही.

शेवटी त्यांचा 'सा' असा घुमला की माझ्या हाताखालचा भोपळा थरथरला. मी तिथेच थांबलो. घोडी कागदासारखी झाली होती.

बाई दहाला दहा मिनिटं असतानाच आल्या. नमस्कार नाही, चहा नाही. मध्ये बसल्या, तार छेडली, डोळे मिटले. मग 'सा' लावला आणि तो सोडलाच नाही. थकलेला गळा होता, पण त्या आवाजात तो असा टेकला की मृणालने तंबोरा वाजवता वाजवता तोंडावर पदर धरला. मला विचाराल तर मला तंबोरा तेव्हाही कोरडाच ऐकू येत होता. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघून ओळखलं.

"घेऊन जाते," बाई म्हणाल्या. दारात वळल्या. "दस्तगीर, डोळ्यांना काय झालं तुमच्या?"

"भुसा गेला," अब्बा म्हणाले.

सोमवारी दहाला मी रिक्षा आणून दारात उभी केली. अब्बांचे कागद, फोटो, नसीमने दिलेली पाण्याची बाटली, सगळं पिशवीत घातलं. अब्बा दुकानात गादीवर बसलेले, रुमाल आवळलेला. पुढ्यात धारवाडहून आलेला तंबोरा.

"चला अब्बा, अकरा वाजता बोलावलंय."

"याची जवारी काढायचीय."

"आल्यावर काढू."

"आल्यावर कुणाच्या डोक्याने काढशील?"

मी दारातच उभा राहिलो. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"अब्बा, तुम्हाला त्रास होतो. काल मी बघितलंय."

"चाळीस वर्षं होतोय. अंगवळणी पडलाय." ते कानस कापडाने पुसत होते. "तुझ्या मुलाबाळांचं पोट ह्या आवाजावर आहे. त्या फुगेवाल्याला सांग, दुकानाला एक डोकं लागतं. जा."

मी तेव्हा त्यांना हाताला धरून उठवायला हवं होतं. भांडायला हवं होतं. घोडी कुणाची, आवाज कुणाचा, मरू देत सगळं, असं म्हणायला हवं होतं. मी नुसती पिशवी उचलली. आणि खरं सांगतो, आत कुठेतरी मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

रिक्षा आलीच होती म्हणून एकटाच गेलो. सबनीस हात धुऊन तयार होते. माझ्या मागे बघून म्हणाले, "वडील कुठायत?"

"नाही आले. घाबरतात ते," मी म्हणालो.

सबनीस हसले. "म्हातारी माणसं अशीच. पुढच्या वेळी धरून आणा."

"बरं," म्हटलं, आणि दुकानात येऊन कानस घेऊन बसलो. अब्बांनी दांडीला कपाळ टेकवलं.

त्यानंतर ते सहा वर्षं होते. मी त्यांना धरून नेलं नाही.